मतदारयादीखाली एक केस

रात्री साडेअकराला वर्ग भरतो.
तिकडे तेव्हा दिवस असतो. बाईंच्या मागं खिडकीत
कसलं तरी नाव नसलेलं झाड,
आणि इकडे खाडगाव रोडला
शेजारच्यांचा कूलर घरघरतो.
मी एकाच कानात इअरफोन घालते.
दुसरा कान आईच्या खोकल्याला.

पहिल्या आठवड्यात बाई म्हणाल्या,
कागदाखाली केस ठेवा. डोळे मिटा. बोटानं शोधा.
सापडला, तर वर आणखी एक कागद.
मी आईच्या फणीतला पांढरा केस घेतला,
वर मागच्या निवडणुकीची मतदारयादी.
भाऊ बूथवर होता, गठ्ठा घरीच राहिला.
तीन पानांखाली सहज.
पाच पानांखाली वाटलं, आहे.
सातव्यावर बोटाला नुसती नावं लागत राहिली,
वय, घर क्रमांक, वडिलांचं किंवा पतीचं नाव.
नवव्या रात्री तो वर आला,
डाळीत न बघता खडा लागावा तसा.
आनंदानं कुणाला उठवावं, कळेना.

भाऊ विचारतो, ही पदवी इथं चालते का?
ते मलाही नीट माहीत नाही.
स्कूटी विकून फी भरली,
सध्या चालते ती मीच.

मग बाई म्हणाल्या, जोडीदाराच्या पाठीवर तळहात ठेवा.
पडद्यावर चौदा चौकोन,
प्रत्येकात कुणाचा नवरा, कुणाची मैत्रीण पालथी.
माझ्या चौकोनात उशी.
दोन महिने मी कापसाची नाडी बघितली.

तिसऱ्या महिन्यात इलाहीमामू आले.
मोंढ्यात बेचाळीस वर्षं हमाली.
आईनं सतरंजी अंथरली, म्हणाली, पोरगी शिकते हाय, जरा पडा.
"पडायचं? एवढंच?
हे काम आजवर कुणी दिलंच न्हाई."

पुस्तकातल्या चित्रात मणके
प्रार्थनेला उभ्या पोरांसारखे.
मामूंचे मात्र गर्दीच्या एसटीत
एकमेकांना टेकलेले; एकानं अंग चोरून
दुसऱ्याला जागा करून दिलेली.
मानेच्या बुडाशी एक घट्ट उशी, चामड्याची म्हणावी अशी.
मी दाबलं नाही. नुसता हात ठेवला.

"तिथं सोयाबीन हाय," मामू जमिनीशी बोलले.
"त्याच्याखाली तूर. मंग हरभरा.
लई खाली गेलीस तर करडई लागंल,
माझं लगीन व्हायच्या आदली."
मी पानं मोजत खाली गेले.

तेवढ्यात नेट गेलं.
बाई तोंड उघडं ठेवून थांबल्या, एक हात हवेत.
आता सांगायला कुणीच नव्हतं
कुठं थांबायचं, किती वेळ.
बरगड्या वर येत होत्या, खाली जात होत्या,
आणि एकदा, डाव्या बाजूला,
काहीतरी सुटल्यासारखं झालं. कदाचित माझंच बोट.

"दुखतंय का, मामू?"
"दुखायचं ते दुखतंयच.
पर आजवर पाठीला हात लावला ज्यानं त्यानं
पोतं नीट बसलं का बघायलाच."
मग ते घोरू लागले.

नेट आलं. बाईंनी विचारलं, काय जाणवलं?
माझं इंग्रजी अशा वेळी पाणी पाणी होतं.
मी लिहिलं: करडई.
बाईंनी कुठंतरी शोधलं, त्यांना फूल सापडलं,
पिवळं, काटेरी. दाखवलं पडद्यावर, हे का?
मी मान हलवली, हो आणि नाही अशी.
त्यांनी थोडा वेळ काही लिहिलं नाही,
मग एकटंच प्रश्नचिन्ह आलं,
मानेत वाकलेलं.

पहाटे चारला मामूंची गाडी लागायची होती,
दीडशे पोती, कर्नाटकातली.
मी त्यांना साडेतीनला उठवलं.
खरं तर पावणेचारला.